तिन्ही उजेडांत जुळलेली वेणी

धाकटीला ताप आला तो एकवीस दिवस मुक्काम ठोकून राहिला, आणि गेला तेव्हा तिचे केस घेऊन गेला.

आधी ते उशीवर दिसायला लागले, मग मोरीच्या जाळीत, मग चहाच्या कपात. कमरेखाली रुळणारी वेणी महिनाभरात उंदराच्या शेपटीएवढी झाली. शेवटी शेजारणीने कात्री घेतली आणि उरलंसुरलं मानेपर्यंत कापून टाकलं. "येतील गं पुन्हा, केसच ते," शेजारीण म्हणाली. बोलणाऱ्याचं काय जातं! धाकटीने पडलेले केस कागदाच्या पिशवीत भरून ठेवले. का ठेवले ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती नावाचीच धाकटी. वय चव्वेचाळीस. थोरली एकोणीस वर्षांची असताना गेली, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. तेव्हापासून घरात मुलगी एकच, पण बढती काही मिळाली नाही. मेलेल्या बहिणीपेक्षा ती पंचवीस वर्षांनी मोठी झाली, केसांत पांढरं आलं, तरी आईच्या तोंडी धाकटी ती धाकटीच.

कारखान्यात मात्र तिचा दरारा होता. तिथे तिला शेडबाई म्हणत. कारखाना शिवणाच्या दोऱ्याचा. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवायचं, त्याला जुळेल असा दोरा रंगवायचा, आणि जुळला की नाही ते शेडबाईने सांगायचं. रंग मोजायचं महागडं यंत्रही आणलं होतं. पण यंत्राने मान डोलावली तरी मॅनेजर दोऱ्याची लच्छी घेऊन निमूटपणे तिच्याच टेबलाशी यायचा. टेबलावर एक राखाडी पेटी होती आणि तिच्यात तीन दिवे: एक दिवसाच्या उजेडाचा, एक दुकानातल्या ट्यूबचा आणि एक घरातल्या पिवळ्या बल्बचा. दिवसा सख्ख्या बहिणी वाटणाऱ्या दोन छटा पिवळ्या दिव्याखाली एकमेकींना ओळखसुद्धा देत नाहीत, हे तिने हजारदा पाहिलं होतं. "तिन्ही उजेडांत जुळणारी जोडी मी बावीस वर्षांत बघितलेली नाही," ती नव्या पोरींना सांगायची, "माणसांतही नाही."

पोरींना ती आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवायची. दोन लच्छ्या एकमेकींशी लावून बघायच्या नाहीत. प्रत्येक लच्छी मूळ नमुन्याशी लावायची. नाहीतर दोघी मिळून भलतीकडे सरकतात आणि आपण आपले खूश.

तर अशी ही डोळ्यांनी पोट भरणारी बाई, आणि तिच्या आईची नजर गेलेली. तीही फक्त मधली. समोर पाहिलं की मध्ये धुरकट डाग, कडेचं तेवढं दिसायचं. म्हणजे समोर बसलेल्याचा चेहरा नाही, पण त्याच्या खांद्यावरून पुढे आलेली वेणी दिसायची, तिचा रंगही कळायचा. त्यात गेली दोन वर्षं आठवणीचं सूत उसवत चाललेलं. रोज सकाळी धाकटी वाटी-चमचा घेऊन पलंगाशी बसायची, वेणी पुढे टाकायची. आई ती हातात घ्यायची, डोळे मिटून शेंड्यापर्यंत हात फिरवायची, आणि मग आ करायची. बाकी दोघींमध्ये बोलणं असं फारसं नसायचं. ही सकाळची पाच मिनिटं म्हणजे धाकटीची दिवसभराची कमाई होती.

वेणी गेली आणि आईने तोंड मिटलं.

"तुम्ही कोण?" पहिल्या सकाळी तिने विचारलं.

"अगं, मी धाकटी."

"धाकटीला बोलवा. परक्या बाईच्या हातचं मी खात नाही."

धाकटीने डोक्याला रुमाल बांधून पाहिला. आवाज ओळखेल म्हणून बडबड करून पाहिली. शेजारणीला भरवायला बसवलं, तर आईने चमचाच उडवून लावला. बाजारातून खोट्या केसांची काळीभोर वेणी आणली, तर आईने ती चिमटीत धरली आणि म्हणाली, "हा झाडू कुणी आणला घरात?" एरवी धाकटी हसली असती. पण आई दिवसाला दोन घोट दुधावर आली होती, मनगटाची हाडं वर आली होती. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बघू. नाहीच खाल्लं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातली की ती सहसा निघत नाही. ते ऐकून धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

गावाच्या जुन्या भागात एक टोपवाला होता. नाटकवाल्यांसाठी टोप, दाढ्या आणि केसांना जोडायची गंगावनं करून द्यायचा. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली, भिंतीवर लाकडी मुंडकी ओळीने मांडलेली. त्याने धाकटीच्या मानेवरचे केस बोटांत घेऊन चोळले.

"खरे केस लागतील," तो म्हणाला. "एवढ्या लांबीचे खरे केस यायला दोन महिने. चालेल?"

"माझ्याकडे सात दिवस आहेत."

"मग घरात बघा. जुन्या बायका वेण्या ठेवून देतात. आणि खरं सांगू का, घरचे केस घरच्या डोक्यावर जसे बसतात, तसे विकतचे बसत नाहीत."

धाकटीला दुकानाबाहेर पडेपर्यंत आठवलंही होतं, आणि आठवलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं होतं.

आईच्या पलंगाखाली पत्र्याचा डबा होता. थोरलीला ताप चढला तेव्हा डोकं थंड राहावं म्हणून तिची वेणी कापली होती. चौथ्या दिवशी ती गेली. आईने ती वेणी पांढऱ्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली. डब्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. धाकटीने सोळाव्या वर्षी एकदा लावला होता, त्या थपडेचा आवाज तिला अजून ऐकू यायचा.

दुपारी आई झोपली असताना तिने किल्ली काढून घेतली. डबा उघडला. फडक्यात वेणी होती तशी होती, मऊ, दाट, तपकिरी. उजेडाकडे धरली की आत तांबूस झाक. थोरलीच्या केसांकडे लोक बघत राहायचे. धाकटीचे काळे, राठ, दोरखंडासारखे. त्यांच्याकडे कुणी बघत राहिल्याचं तिला आठवत नव्हतं. "घेते गं," ती पुटपुटली. डबा बंद केला, किल्ली जागच्या जागी अडकवली. आईसाठीच तर चाललंय सगळं, असं तिने स्वतःला दोनदा बजावलं.

टोपवाल्याने वेणी सोडून केस नाकाशी नेले.

"कुणाचे?"

"बहिणीचे."

"तिला विचारलंत ना?"

"हो," धाकटी म्हणाली. बहीण कुठे असते हे त्याने विचारलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.

तळहाताएवढ्या जाळीवर त्याने ते केस एकेक बट करून ओवले, कडेला चार चिमटे शिवले. धाकटीच्या सांगण्यावरून तिच्या पिशवीतले थोडे पांढरे केसही मधूनमधून घातले. पांढरा रंग काही बाटलीत मिळत नाही, तो आपल्याच डोक्यावरून आणावा लागतो. रंग लावायचं मात्र त्याने साफ नाकारलं. "ते तुमचं तुम्ही करा, घरी. मी माणसामागे राहिलेल्या केसांना रंग लावत नाही." एवढा कसबी माणूस, आणि कसला हा फाजील सोवळेपणा, असं मनात म्हणत ती बाहेर पडली. रंगात तिला कोण शिकवणार होतं!

रविवारी सकाळी तिने मोरीत सगळं मांडलं. काचेचं भांडं, रबरी हातमोजे, जुना गाऊन, रुंद दातांची फणी. आधी दोन कार्डं केली, कारखान्यात करायची तशीच. एकावर स्वतःच्या मानेवरचा झुपका कापून चिकटवला आणि खाली लिहिलं: धाकटी, मूळ नमुना. दुसऱ्यावर गंगावनातली एक बट: थोरली, रंगवण्याआधी. दोन्हींवर तारीख घातली. सवय जात नाही माणसाची.

काळ्या रंगात चिमूटभर तपकिरी मिसळून तिने कोमट पाण्यात रंग केला. पांढऱ्या बटांवर फॉइलचे तुकडे गुंडाळले, म्हणजे त्या रंगायला नकोत. जाळी वर धरून केस तेवढे बुडवले. अर्ध्या तासाने भांड्यात डोकावली तर पाणी नितळ होतं. पिण्याच्या पाण्यासारखं. रंग सगळाच्या सगळा केसांनी ओढून घेतला होता.

असं होत नसतं. कितीही रंग पिणारा दोरा असला तरी भांड्यात थोडा रंग राहतोच. तिने बोट बुडवून पाहिलं. बोटालाही काही लागलं नाही.

केस धुतले, व्हिनेगरच्या पाण्यातून काढले, पंख्याखाली सुकवले. ओले केस नेहमी गडद दिसतात, म्हणून पुरते सुकेपर्यंत तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुकल्यावर पाहिलं तर तपकिरीच. आत तीच तांबूस झाक. जणू भांड्याजवळ गेलेच नव्हते. तिने पुन्हा रंग केला, या वेळी दुप्पट दाट. पुन्हा पाणी नितळ, पुन्हा केस तपकिरी. संध्याकाळपर्यंत रंगाच्या तीन नळ्या रिकाम्या झाल्या. आणलेला रंग संपला, कंबर मोडली. "जिवंतपणी हट्टी होतीस, ते होतीसच," ती वैतागून त्या केसांना म्हणाली, आणि गंगावन मोरीतल्या दांडीला टांगून निजायला गेली. केसांशी बोलल्याचं तिला अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं, आणि मग मात्र थोडं चमत्कारिक वाटलं.

सोमवारी सकाळी, नाही तर नाही, निदान लांबी तरी आहे, असा विचार करून तिने गंगावन चिमट्यांनी बसवलं, वेणी घातली आणि खिडकीशी आरसा धरला.

जोड दिसेना.

तिचे कुठे संपतात आणि थोरलीचे कुठे सुरू होतात, कळेना. तिने बोटांनी चाचपलं तेव्हा कुठे जाळीची कड लागली. तिने ट्यूब लावली. जुळत होतं. आतल्या खोलीतला पिवळा बल्ब लावला. जुळत होतं. मधूनमधून पांढरी तारसुद्धा अगदी हवी तिथे. रात्रभरात रंग मुरला म्हणायचा! बावीस वर्षांत न झालेली गोष्ट मोरीच्या दांडीवर झाली होती. तिला आनंद झाला, आणि आनंदाच्या मागे काहीतरी थंडगार पाठीवरून उतरून गेलं. पण आईची वाटी तयार होती, आणि भूक लागलेल्या माणसापुढे शंका काढत कोण बसतो!

ती पलंगाशी बसली. वेणी पुढे टाकली.

आईने मान वाकडी करून कडेने पाहिलं. हात पुढे केला. वेणी धरली, आणि तिची बोटं थांबली. मग ती दोन्ही हातांनी वर वर गेली, जाळीपर्यंत, कानापर्यंत. केस तोंडाजवळ नेऊन तिने वास घेतला.

"आलीस?" आई म्हणाली.

"आले."

आईने आ केला. त्या सकाळी तिने मऊ भाताची अख्खी वाटी संपवली आणि वर अर्धी मागून घेतली. धाकटी मोरीत जाऊन, नळ सोडून, पोटभर रडली. या रडण्यात सुखच जास्त होतं.

आठवडा असा गेला की घर ओळखू येईना. आई खायची, उठून बसायची, गुणगुणायची. "ये, बस माझ्याजवळ," म्हणायची. धाकटीला आईने असं जवळ बोलावल्याचं आठवत नव्हतं. ती आपली हरखून गेली होती. आई हाक मारताना नाव घेत नाही, 'धाकटे' म्हणत नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. आपल्याला हवं ते मिळत असलं की माणूस हिशेब तपासत नाही.

गुरुवारी भरवता भरवता आई हसली. "तुझी डाव्या हाताची खोड काही गेली नाही हं."

धाकटीने खाली पाहिलं. चमचा डाव्या हातात होता. ती जन्माची उजवी. डावरी होती ती थोरली. तिने चमचा उजव्या हातात घेतला, तर तो थरथरला आणि भात चादरीवर सांडला.

शुक्रवारी कारखान्यात सगळ्याजणी तिच्याभोवती जमल्या. "शेडबाई, दहा वर्षांनी लहान दिसताय! रंग लावलात का?"

"गंगावनाला लावला. माझ्या केसांना नाही."

"मग पांढरे कुठे गेले?"

तिने कानशिलाला हात लावला. तिथला पांढरा पट्टा दहा वर्षांचा होता, त्याला तिने कधी लपवलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गेल्यावर तिने पर्समधून रविवारची दोन कार्डं काढली, राखाडी पेटीतला दिवसाचा दिवा लावला आणि वेणीचा शेंडा आत धरला.

वेणी 'थोरली, रंगवण्याआधी'शी जुळली. तंतोतंत. तीन नळ्या रंगाचा मागमूस नाही.

मग तिने मानेवरचा स्वतःचा, मुळापासूनचा एक केस उपटला आणि 'धाकटी, मूळ नमुना' या कार्डावर ठेवला. कार्डावरचा झुपका काळा, राठ, त्यात दोन पांढरे. वर ठेवलेला केस तपकिरी, मऊ. तिने तो उचलून दुसऱ्या कार्डावर ठेवला, आणि तो दिसेनासा झाला.

ट्यूब लावली. पिवळा बल्ब लावला. तिन्ही उजेडांत तो तसाच दिसेनासा राहिला.

गंगावन तिच्या केसांकडे आलंच नव्हतं. तिचे केस गंगावनाकडे गेले होते. आणि ज्या चुकीसाठी ती पोरींच्या हातातून लच्छ्या हिसकावून घ्यायची, तीच तिने सोमवारी सकाळी खिडकीशी उभं राहून केली होती. दोघी जुळल्या एवढंच पाहिलं, मूळ नमुना काढलाच नाही. ती तिथल्या तिथे खुर्चीवर बसली. भीती वाटत होती, आणि ही गोष्ट सांगावी असा एकही माणूस तिला आठवेना.

घरी आली तेव्हा शेजारीण आईपाशी बसली होती. "आज तर तुझ्या आईची कळी खुललीय बाई," म्हणून ती गेली. धाकटीने दार लावलं, आरशासमोर गेली आणि सोमवारपासून काढले नव्हते ते चारही चिमटे सोडले. गंगावन ओढलं.

ते आलं नाही. तिने जाळीची कड नखाने शोधली. कड नव्हती. सगळीकडे नुसती कातडी, आणि कातडीतून उगवलेले केस. जोर लावून ओढलं तेव्हा मुळांपासून कळ गेली आणि डोळ्यांत पाणी आलं. चार चिमटे तेवढे हातात राहिले होते.

"थोरले," आतून हाक आली. "अगं थोरले, किती वेळ?"

ती गेली. पलंगाशी बसली. आईने सवयीने वेणी हातात घेतली.

"आई, नीट ऐक. मी धाकटी आहे."

आईला हसू आलं. "धाकटीचे केस मला माहीत नाहीत होय? राठ, दोरखंडासारखे. रोज हातात घ्यायचे की मी." मग तिने आवाज खाली आणला, शेजारी कुणी ऐकू नये तसा. "तुला म्हणून सांगते. डोळे मिटून घ्यायची, म्हणजे तुझी वेणी वाटायची. तेवढ्यासाठीच घ्यायची. तिला कधी कळू दिलं नाही मी. फार केलं गं तिनं माझं."

वाटी-चमच्याच्या त्या सगळ्या सकाळी एका ओळीत धाकटीसमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांतली एकही तिची नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते याहून काय वेगळं असतं? आणि तरी ती बोट दाखवणार कुणाकडे? आईला बिचारीला माहीतच नव्हतं की ती कुणाशी बोलतेय. थोरलीने काही मागितलं नव्हतं. डबा तर तिनेच उघडला होता.

"तिला सांगायचं होतंस," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच हलका, कोवळा वाटला. "असं तिला एकदा तरी सांगायचं."

"राहून गेलं. आहे कुठे ती? बरेच दिवस दिसली नाही."

आता कात्री आणावी, असं तिला वाटलं. कात्री आणावी आणि मुळापासून सगळं कापून टाकावं, मग जे होईल ते होवो. ती उठलीही. पण आईच्या मनगटाकडे तिचं लक्ष गेलं. आठवड्यात त्यावर थोडं मांस चढलं होतं. उद्या सकाळी ही पुन्हा तोंड मिटून बसेल, परवा नळी येईल. कात्री कपाटात होती, तिथेच राहिली. तिने पर्स उघडली आणि काळ्या झुपक्याचं कार्ड काढून आईच्या हातात ठेवलं. तिच्याकडे तिचं म्हणून एवढंच उरलं होतं.

"ही बघ धाकटी," ती म्हणाली. "हात लावून बघ. ओळखतेस ना?"

आईने झुपक्यावर एक बोट फिरवलं. मग पुन्हा. डोळे या वेळी उघडे होते. पांढऱ्या दोन केसांशी बोट थांबलं, आणि तिचा चेहरा असा काही विरघळला की धाकटीला क्षणभर वाटलं, कळलं हिला, आता ही मला हाक मारणार.

"माझी बाय गं ती," आई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं. "कधी गेली? मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

"आई, गेली नाही. मी इथेच..."

"डबा दे."

"आई..."

"पलंगाखालचा डबा दे म्हणते ना!"

त्या आवाजापुढे तिचं आजवर कधी चाललं नव्हतं. तिने डबा काढून दिला. आईने गळ्यातली किल्ली चाचपून काढली, झाकण उघडलं, रिकामं फडकं हाताने सपाट केलं. कार्डाचा पापा घेतला. मग ते फडक्यात गुंडाळलं, एकदा, दोनदा, कडा आत दुमडून, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं, आणि डब्यात ठेवलं. धाकटी बघत राहिली. या घरात आईची माया मिळायची तर डब्यात असावं लागतं, हे तिला कळलं तेव्हा झाकण लागलं होतं आणि किल्ली फिरत होती.

आई बराच वेळ डब्यावर हात ठेवून रडली. मग पदराने डोळे पुसले आणि डबा स्वतःच्या उशाशी घेतला.

"हात लावायचा नाही हं याला कुणी," ती म्हणाली. "तू पण नाही, थोरले."

"नाही लावणार," थोरली म्हणाली.

बाहेर अजून उजेड होता. स्वयंपाकघरातून तिने भाताची वाटी आणली, पलंगाशी बसली, वेणी खांद्यावरून पुढे टाकली आणि डाव्या हाताने चमचा भरला. हात जराही थरथरला नाही. आईने आ केला.